काच खाली करायची नाही

“काच खाली करायची नाही,” माई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

“अगं माई, मला समोरचं काही दिसत नाहीये,” शिरीष म्हणाला.

“मग हळू चालव.”

“आता याहून हळू चालवली तर खाली उतरून ढकलावी लागेल!”

मी मधे पडले नाही. मला वेळच नव्हता. डाव्या हातानं मी माझ्या बाजूची काच पुसत होते आणि उजव्या हातानं, आडवी होऊन, शिरीषच्या समोरची. हातात आंघोळीचा जुना टॉवेल. पुसला की तळहाताएवढा रस्ता दिसायचा, आणि “दिसतंय का हो?” विचारेपर्यंत काच पुन्हा दुधासारखी व्हायची. बाहेर धुकं, आत वाफ. ग्वाल्हेरहून झाशीला चाललो होतो, संक्रांतीच्या दिवशी, आमच्या त्या टीचभर गाडीतून.

माईंच्या मांडीवर साडीचं पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात हलव्याचे दागिने. मुकुट, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा आणि एक लांब हार. सगळे माईंनी घरी केलेले. महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती आणि माई परातीपुढे बसून बोटांनी तीळ हलवत होत्या. पाकाचा थेंब, हलवणं, पुन्हा थेंब, पुन्हा हलवणं. हलव्याला काटा फुटला की त्यांचा चेहरा फुलायचा. मला मात्र भाजी फोडणीला टाकायला शेगडीभोवती प्रदक्षिणा घालावी लागायची.

दागिने होते वैदेहीताईंसाठी. वैदेहीताई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची, सुहासदादांची बायको. दादा लग्नाच्या वर्षातच वारले. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते. पुढे चार वर्षं वैदेहीताई माईंजवळच राहिल्या, आणि मग माईंनीच खटपट करून त्यांच्यासाठी स्थळ पाहिलं, झाशीच्या ताम्हनकरांचं, आणि गेल्या मे महिन्यात लग्न लावून दिलं. सुनेचं लग्न सासूनं लावलं म्हणून नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. माईंनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण लग्नानंतर एकदाही त्या झाशीला गेल्या नव्हत्या. “आता तिचं घर वेगळं, आपण कशाला लुडबुड करायची,” म्हणायच्या. आणि अचानक संक्रांतीला हे दागिने. हळदीकुंकू दुपारी होतं, त्याच्या आत ते वैदेहीताईंच्या अंगावर चढायलाच हवे होते. त्यावर कहर म्हणजे, आम्ही येणार हे तिकडे कुणालाही माहीत नव्हतं.

“फोन तरी करायचा होता, माई,” मी निघताना म्हटलं होतं.

“सांगून गेलं की नको म्हणतात.”

“आणि मी कशाला हवी? घरात धुण्याचा ढीग पडलाय.”

“दागिने घालायला सवाष्ण लागेल ना कुणीतरी. मी थोडीच घालणार?” माईंनी असं म्हटलं की पुढे बोलायची सोयच उरत नसे.

तर काचा बंद का, तर दागिन्यांना दमट हवा लागू नये म्हणून. हलवा म्हणजे शेवटी साखर. ओल लागली की काटा बसतो, चिकट होतो, सगळं एकमेकांना धरून बसतं. खोकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू म्हटलं तर “प्लॅस्टिकात घाम येतो.” आमचं मुकाट्यानं वाफ खाणं मात्र चाललं होतं.

शिरीषनं सकाळी कापलेला बटाटा काचेवर चोळला होता. बँकेतल्या कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, बटाटा चोळला की काच धुरकट होत नाही. माझ्या भाजीचा बटाटा गेला आणि काचेवर असे काही फराटे उठले, की समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे एकाचे पाच दिसायला लागले.

“हीटर वाढवा ना जरा!” मी ओरडले.

“पूर्ण वर आहे.”

मी खाली वाकून हात लावून पाहिला. पंखा जीव तोडून घरघरत होता आणि त्यातून हवा येत होती गार. फार तर, कुणीतरी लांबून फुंकर मारावी तेवढी कोमट. पायांची बोटं माझी आहेत की नाहीत हेही कळेनासं झालं होतं. ग्वाल्हेरला बदली होऊन आम्हाला दोन हिवाळे झाले होते आणि दोन्ही हिवाळे मी हेच ऐकत होते. ‘हीटर जरा कमजोर आहे.’ ‘एकदा दाखवायला पाहिजे.’ दाखवला कधीच नाही.

वाटेतल्या डबरा गावात चहाच्या टपरीपाशी मी गाडी थांबवायला लावली. “बॉनेट उघडा,” म्हटलं.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“तुम्हाला तरी कुठे कळतंय? पण उघडा.”

त्यानं उघडलं. आम्ही दोघं चहाचे ग्लास हातात धरून आत डोकावलो. माई गाडीतच बसून होत्या, खोकं पदराखाली. शिरीष बराच वेळ एका रबरी पाइपाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही झाला, की मला लगेच कळलं.

“काय झालं?”

“काही नाही.”

“अहो, काय झालं?”

“अकोल्याला…” तो चहात बघत म्हणाला. “मे महिन्यात पाय भाजायचे ना गं गाडीत. तेव्हा रशीद मिस्त्रीला सांगून हीटरचा पाइप काढून टाकला होता. त्यानं हा इथल्या इथेच जोडून दिलाय. इंजिनाचं गरम पाणी हीटरपर्यंत जातच नाही.”

“म्हणजे दोन वर्षं आपण नुसता पंखा लावून बसलोय?”

“मी विसरलोच होतो.”

“अरे देवा!” टपरीवरची माणसं बघायला लागली, पण मी थांबले नाही. “दोन हिवाळे माझ्या पायांना चिलब्लेन झाली! बोटं वांग्यासारखी सुजली! तुम्ही मला लोकरीचे मोजे आणून देताय आणि पाइप काढलाय तुम्हीच!”

“अकोल्यात हीटर काय करायचा होता, सांग ना! सेहेचाळीस डिग्रीला!”

“अकोल्यात नव्हता लागत, मग ग्वाल्हेरला आल्यावर लावायचा नाही?”

“आता इथे कुठे लावू? पाइप लागेल, क्लिपा लागतील. आज संक्रांत, दुकानं बंद.”

मी ग्लास आपटून ठेवला आणि गाडीत बसले. राग इतका आला होता की थंडी वाजायची थांबली.

“काय सापडलं?” माईंनी विचारलं.

“तुमच्या लेकाची अक्कल,” मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. खोक्याचं झाकण किंचित उचलून त्या आतल्या हाराला बोट लावून बघत होत्या.

“थोडी ओल धरलीय,” त्या पुटपुटल्या.

“धरणारच! तिघांचा श्वास कोंडलाय इथे. उलट काच थोडी उघडली तर सुकेल सगळं. माई, ऐका माझं.”

“श्वासानं काही होत नाही. बाहेरच्या धुक्यानं होतं. मी हलवा आज नाही करत.”

“अहो पण रस्ता दिसत नाही!”

“तू पूस.”

पुढचा रस्ता कसा काढला मला विचारू नका. टॉवेल पिळला की पाणी निघत होतं. मग मी शिरीषचा मफलर घेतला, मग माझी ओढणी. शिरीष नाक काचेला लावून चालवत होता, त्यामुळे त्याच्या श्वासानं काच आणखीच भरत होती. “मागे सरका हो!” म्हटलं की “दिसत नाही!” आणि मागे सरकला की “पूस ना!” आमचं दोघांचं असं जुंपलेलं, आणि मागे माई मूर्तीसारख्या बसलेल्या. शेवटी मी मागे वळून म्हटलंच, “माई, एवढं काय आहे त्यात? खराब झाले तर पुन्हा करू की. साखरच तर आहे!”

माईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं, पांढरी काच सोडून.

तेवढ्यात शिरीष जिवाच्या आकांतानं ओरडला आणि ब्रेकवर उभाच राहिला. गाडी तिरकी झाली, मी पुढे आपटले, आणि समोरच्या पांढऱ्या काचेवर काहीतरी खरखरत घासलं गेलं. मी पुसलं तर उसाचे बुडखे. काचेला टेकलेले. ट्रॅक्टरची उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे दिवा नाही, लाल फडकं नाही, काही नाही. आणखी हातभर पुढे गेलो असतो तर तो ऊस आत आला असता.

इंजिन बंद पडलं होतं. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टरवाला कुणाला तरी शिव्या घालत होता, बहुतेक आम्हालाच.

“परत फिरू,” तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. “माई, मी नाही चालवू शकत असं. परत फिरू.”

मागून करकर आवाज आला. मी वळून पाहिलं. माई त्यांच्या बाजूची काच खाली करत होत्या. तो हँडल नेहमीच अडकायचा. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून तो पूर्ण फिरवला. मग पलीकडे सरकून दुसरीही काच खाली केली. धुकं भसकन आत आलं, बर्फासारखं गार.

“पुढच्याही उघडा,” माई म्हणाल्या. “सगळ्या उघडा. आणि दिसेल तसं, सावकाश चल.”

“दागिने?” मी विचारलं.

“राहू देत. शिरीष, घाम पूस तुझा.”

त्यांनी अंगावरची शाल काढली, खोक्याभोवती गुंडाळली, आणि ते पोटाशी धरून बसल्या. स्वतः नुसत्या स्वेटरवर. मी माझी शाल द्यायला लागले तर मान हलवली, आणि मग तीही घेतली, पण खोक्यावरच घातली. दतिया येईपर्यंत त्यांचे दात वाजत होते ते मला पुढे ऐकू येत होते. काच मात्र लख्ख झाली. इतकी लख्ख, की मला चीडच आली. सकाळीच उघडल्या असत्या तर!

झाशीत पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. ताम्हनकरांच्या दारात चपलांचा ढीग. आतून बायकांचा गलबला. हळदीकुंकू सुरू झालेलं. दार वैदेहीताईंच्या सासूबाईंनी उघडलं. उंच, करड्या साडीतल्या, बोलायला कमी. लग्नात एकदाच पाहिलं होतं त्यांना. आम्हाला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली की मला तसं वाटलं, देव जाणे. पण “या ना, या,” म्हणाल्या.

आत पाटावर वैदेहीताई बसल्या होत्या. काळी चंद्रकळा, आणि अंगभर हलव्याचे दागिने. पांढरेशुभ्र, घडवल्यासारखे देखणे.

“पुण्याहून माझ्या नणंदेनं पाठवले,” त्या सासूबाई, ताम्हनकरकाकू, म्हणाल्या. “हलव्याचे दागिने सासरचेच लागतात ना. मला करता येत नाहीत, म्हणून मागवले.”

मी माईंकडे पाहिलं. खोकं शालीत गुंडाळलेलंच होतं. ते त्यांनी आणखी आत, कुशीत सरकवलं.

“छान दिसतेयस गं,” त्या वैदेहीताईंना म्हणाल्या. “आम्ही आपलं असंच. तिळगूळ द्यायला आलो होतो.”

असंच! सकाळपासून टॉवेल पिळून पिळून माझे हात सोलवटले होते. उसात घुसून मरायचे आम्ही वाचलो होतो. आणि असंच?

“असंच काय माई?” मी म्हटलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. “महिनाभर बोटं भाजून घेतलीत ती असंच?” आणि सरळ त्यांच्या कुशीतून खोकं ओढून काढलं आणि वैदेहीताईंच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी झाकण उघडलं. बांगड्या एकमेकींना चिकटून एकच झाल्या होत्या. मुकुटाला लावलेल्या चमकत्या जिगाच्या कागदाचा लाल रंग साखरेत उतरला होता. हार तेवढा जरा बरा होता, पण मधोमध त्याचे दाणे पिवळे पडलेले. इतके दिवस घरात होते आणि माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

“अगं बाई, हा जुना दिसतोय,” कुणीतरी कुजबुजलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वैदेहीताईंनी हार उचलला. पिवळ्या दाण्यांवरून बोट फिरवलं.

“माई, हा तोच?”

माईंनी मान डोलावली.

“टाकला नाहीत?”

“नाही टाकवला. चुन्याची पुरचुंडी घालून बरणीत ठेवला होता. अर्धाच होता. उरलेला यंदा केला.”

मला काहीच कळेना. वैदेहीताई आपल्या सासूबाईंकडे वळल्या. “काकू, सुहासच्या वेळी माझी पहिली संक्रांत होती. माई हलवा करायच्या आणि मी ओवायला बसायचे. अर्धा हार झाला आणि त्याला कावीळ झाली. मग संक्रांत आलीच नाही. मी हे काळे कपडे, हे दागिने, काही म्हणजे काही केलं नाही. सुई दोऱ्यात तशीच अडकलेली होती.”

मला रडू येत होतं आणि संतापही. हे मला गाडीत सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतं तर मी श्वास रोखून बसले असते ग्वाल्हेरपासून!

“असलं घालू नये हो,” मघाचीच बाई म्हणाली. “त्या वेळचं आहे ते. बरं नाही.”

“नाही नाही, घालायला नाही आणलं,” माई घाईघाईनं म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत होत्या हे मला ठाऊक होतं. “तिचा आहे म्हणून तिला दिला. ठेवून दे गं आत. रोहिणी, चल, निघू आपण. धुकं पडायच्या आत.”

“थांबा,” काकू म्हणाल्या.

त्या पाटाजवळ आल्या. वैदेहीताईंच्या गळ्यातला पुण्याचा शुभ्र हार त्यांनी काढला आणि त्या कुजबुजणाऱ्या बाईच्या हातात दिला. “धरा हा जरा.” मग माईंकडे वळून म्हणाल्या, “घाला.”

माई दोन पावलं मागे सरल्या. “मी नको. रोहिणी घालेल. तिला त्यासाठीच आणलंय. मी अशी…”

“अशी म्हणजे कशी? मी कशी आहे मग?” काकूंचा आवाज चढला. “ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. सकाळी हिच्या चंद्रकळेच्या निऱ्या मीच घातल्या. हिला काही झालं? बसलीय ना समोर हसत? ज्यानं केलंय त्यानं घालावं. उगाच उशीर करू नका, बायका खोळंबल्यात.”

माईंनी हार हातात घेतला. गाडीतल्या थंडीनं त्यांची बोटं अजून निळसर होती, आणि हाराची गाठ त्यांना बांधता येईना. वैदेहीताई मान खाली घालून बसून राहिल्या. मी मदतीला पुढे झाले तर काकूंनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. हलवा बोटांना चिकटत होता, दोरा निसटत होता, माई पुन्हा धरत होत्या. कितीतरी वेळ लागला.

शेवटी गाठ बसली. माई समोर आल्या, वैदेहीताईंची हनुवटी धरून त्यांनी हाराकडे पाहिलं, पिवळ्या दाण्यांकडे पाहिलं.

“झाली गं बाई,” त्या म्हणाल्या. “झाली एकदाची तुझी पहिली संक्रांत.”

आणि मग त्या तिथेच, पाटाशेजारी जमिनीवर बसल्या आणि मोठ्यांदा रडल्या. सुहासदादा गेले तेव्हा माई रडल्या नव्हत्या असं शिरीष सांगायचा. वैदेहीताईंनी त्यांना मिठी मारली, तर दोघींच्या मधे तो हार चुरडला. काकू ओलं फडकं घेऊन आल्या, माईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्यांच्या बोटांना चिकटलेली साखर एकेक बोट धरून पुसत राहिल्या.